काढलं तरी जात नाही, नोंदवलं तरी ओळखत नाही

नौपाड्यातल्या एका काकांकडे मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हा दार पुरतं उघडायच्या आतच ते म्हणाले, "अगं, परत विचारतंय!"

विचारत होतं ते त्यांचं पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर. पैसे मोजून घेतलेलं, पावती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपलेली, लायसन्स की पंचांगाच्या मागच्या पानावर दोनदा लिहून ठेवलेली. तरी उघडलं की पाटी पुढे: ही ट्रायल आवृत्ती आहे, नोंदणी करा. मुलगा खारघरला राहतो, दर रविवारी येतो. रविवारी तो लॅपटॉपवर बसला की सॉफ्टवेअर रजिस्टर्ड. सोमवारी काका बसले की पुन्हा ट्रायल. काकांचा निष्कर्ष ठरलेला होता, "त्याचं आणि या यंत्राचं काहीतरी गूळपीठ आहे."

पहिल्या दोन फेऱ्यांत मीही तेच केलं होतं जे सगळे करतात. सॉफ्टवेअर काढलं, पुन्हा टाकलं, की भरली, समोरच्या खिडकीत 'रजिस्टर्ड' दिसलं, काकूंच्या हातचे पोहे खाल्ले आणि खुशीत निघाले. तिसऱ्या वेळी मात्र पोह्यांआधी एक प्रश्न विचारला, आणि तो आधीच विचारायला हवा होता: हे सॉफ्टवेअर आपली नोंद लिहितं तरी कुठे?

'सॉफ्टवेअर रजिस्टर होत नाही' आणि 'काढून टाकलं तरी त्याचं काहीबाही मागे उरतं' या तक्रारी घेऊन येणारे लोक त्या दोन वेगळ्या समजतात. निम्म्या वेळा त्या सख्ख्या बहिणी निघतात. काकांच्या घरी तर एकीमुळेच दुसरी आली होती. ते कसं, हे कळायला आधी विंडोज सामान कुठे ठेवतं ते पाहू.

भाडेकरू आणि सोसायटीचं रजिस्टर

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत भाडेकरू येतो. सामान फ्लॅटमध्ये लागतं. पण त्याचं नाव आणखी किती ठिकाणी लागतं बघा: सोसायटी ऑफिसच्या रजिस्टरात, गेटवरच्या वॉचमनच्या वहीत, तळमजल्यावरच्या पाटीवर, पार्किंगच्या स्टिकरवर, दूधवाल्याच्या रतिबात. अकरा महिन्यांनी टेम्पोत सामान भरून तो निघून गेला की फ्लॅट रिकामा होतो. बाकीच्या नोंदी कुणीतरी मुद्दाम जाऊन रद्द केल्या तरच जातात. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकलेली असतेच.

विंडोजमध्ये सॉफ्टवेअरचं अवजड सामान सी ड्राइव्हवरच्या 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमध्ये असतं. ६४-बिट विंडोजवर असे दोन फोल्डर दिसतात. ज्याच्या नावाला 'एक्स-८६' असं शेपूट असतं त्यात जुन्या घडणीची, म्हणजे ३२-बिट सॉफ्टवेअर राहतात. त्याशिवाय 'प्रोग्रामडेटा' नावाचा एक लपवलेला फोल्डर आहे, त्यात सगळ्या वापरकर्त्यांना सामायिक लागणाऱ्या गोष्टी. आणि प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतःचा 'ॲपडेटा', त्याच्या पोटात 'लोकल', 'लोकललो' आणि 'रोमिंग' अशा तीन खोल्या. तुम्ही निवडलेला फॉन्ट, शेवटी उघडलेल्या फाइलींची यादी, तात्पुरत्या प्रती, पुष्कळदा लायसन्सची नोंदसुद्धा इथे असते. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'हिडन आयटम्स' चालू केल्याशिवाय हे दोन्ही फोल्डर डोळ्यांना दिसत नाहीत.

मग येतं रजिस्टर. विंडोजच्या भाषेत रजिस्ट्री. फार पूर्वी प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या सेटिंग्ज एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवायचं, 'डॉट आयएनआय' अशी त्या फाइलीची ओळख. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री लहान स्वरूपात आली आणि विंडोज ९५ पासून तिथे सगळ्या गावाचा कारभार सुरू झाला. आज तिच्या दोन शाखा आपल्या कामाच्या आहेत. 'लोकल मशीन' म्हणजे सोसायटीचं सामायिक रजिस्टर, सगळ्यांसाठी एकच. 'करंट यूजर' म्हणजे ज्याने लॉगिन केलंय त्याची खासगी डायरी. बाबांच्या लॉगिनमध्ये भरलेली की आईच्या लॉगिनमध्ये सॉफ्टवेअरला ठाऊक नसते, याचं सगळ्यात सरळ कारण हेच: ती डायरीत लिहिली गेली, रजिस्टरात नाही.

सेटिंग्जमध्ये दिसणारी 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी पाहून लोकांना वाटतं की विंडोजने डिस्क तपासून ती बनवली. तसं नाही. जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरसाठी ती यादी म्हणजे रजिस्ट्रीतल्या 'अनइन्स्टॉल' नावाच्या पानाचं वाचन आहे. प्रत्येक नोंदीत सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि 'काढायचं असेल तर अमुक फाइल चालवा' एवढा मजकूर असतो. म्हणून कुणी प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन नकोशा सॉफ्टवेअरचा अख्खा फोल्डरच डिलीट केला, की यादीत नाव राहतं आणि 'अनइन्स्टॉल' दाबल्यावर काहीच होत नाही. होणार कसं? जो माणूस सामान हलवणार होता त्यालाच आपण सामानासकट बाहेर टाकलेलं असतं. अशा वेळी तीच आवृत्ती पुन्हा त्याच जागी टाकायची आणि मग रीतसर यादीतून काढायची. कधी कधी जुन्या कंट्रोल पॅनेलमधून काढायला गेलं की विंडोज स्वतःच म्हणतं, हे बहुधा आधीच काढलं गेलंय, यादीतलं नाव खोडू का? 'हो' म्हणावं आणि मोकळं व्हावं.

रीतसर काढलं तरी काय उरतं, आणि का? अनइन्स्टॉलर विंडोजने नव्हे, त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने लिहिलेला असतो. त्याच्याकडे एक यादी असते: इन्स्टॉल करताना आम्ही या या फाइली ठेवल्या. तेवढ्या तो उचलतो. नंतर वापरताना ज्या फाइली तयार झाल्या, म्हणजे तुमच्या पत्रिका, बिलं, टेम्प्लेट, लॉग, त्या यादीत नसतात. फोल्डर रिकामा झाला नाही म्हणून फोल्डरही राहतो. काही गोष्टी मुद्दाम ठेवलेल्या असतात. तुमचा डेटा ठेवतात कारण तुम्ही उद्या परत येऊन "माझी तीनशे गिऱ्हाइकं कुठे गेली" म्हणून बोंब माराल. आणि ट्रायलची खूण ठेवतात ती तुम्ही दर महिन्याला काढून-घालून फुकट वापरू नये म्हणून. ही शेवटची खूण दोन-चार अक्षरांची असते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती उकरून काढायच्या युक्त्या विचारायला लोक येतात, त्यांना मी चहा देते आणि परत पाठवते.

सोमवारची ट्रायल

आता काकांकडे येऊ.

विंडोज एक्सपीच्या काळातली कितीतरी सॉफ्टवेअर आपली सेटिंग्जची फाइल थेट आपल्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्सच्या आत लिहायची. तेव्हा घरातला प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणूनच वावरायचा, त्यामुळे कुणी अडवत नव्हतं. २००७ मध्ये घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टाने तो कारभार बंद केला. प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचं तर खास परवानगी हवी. तीच ती पडदा अंधारून 'या ॲपला बदल करू द्यायचे का' विचारणारी खिडकी.

नियम चांगला, पण जुनी सॉफ्टवेअर धडाधड कोसळली असती. म्हणून मायक्रोसॉफ्टने एक तोडगा काढला. जुनं ३२-बिट सॉफ्टवेअर परवानगीशिवाय प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेलं, तर त्याला 'नाही' म्हणायचं नाही. ऑफिसातला हुशार कारकून करतो तसं "हो हो, लिहितो" म्हणायचं आणि रजिस्टर (इथे म्हणजे प्रोग्राम फाइल्समधली खरी फाइल) तसंच ठेवून त्या माणसाच्या नावाच्या एका वेगळ्या वहीत लिहायचं. तो परत आला आणि "माझी नोंद दाखवा" म्हणाला, की आधी तीच वही उघडून दाखवायची. वहीत नसेल तरच रजिस्टर काढायचं. सॉफ्टवेअरला पत्ताच लागत नाही. या वहीचं नाव 'व्हर्च्युअलस्टोअर'. ती तुमच्या ॲपडेटामधल्या 'लोकल' खोलीत असते, आणि तिच्या आत प्रोग्राम फाइल्सची हुबेहूब प्रतिकृती उभी राहते. रजिस्ट्रीतल्या सामायिक शाखेसाठीसुद्धा अशीच वेगळी वही ठेवली जाते.

काकांनी पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर साध्या डबल क्लिकने उघडलं. त्याने 'ट्रायल सुरू' असं आपल्या सेटिंग्जच्या फाइलीत लिहिलं. ते गेलं काकांच्या वहीत. रविवारी मुलगा आला. कंपनीच्या कागदावर छापलेलं होतं की नोंदणी करताना राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. त्याने तसं केलं. परवानगी मिळालेल्या सॉफ्टवेअरला वही लागत नाही, ते थेट रजिस्टरात लिहितं. की तिथे नोंदली गेली. मुलाला दर वेळी राइट क्लिकनेच उघडायची सवय, त्याला दर वेळी 'रजिस्टर्ड' दिसलं. सोमवारी काकांनी डबल क्लिक केलं. विंडोजने आधी वही उघडली. वहीत 'ट्रायल'. रजिस्टर काढायची वेळच आली नाही.

आणि काढून पुन्हा टाकल्यावर काय झालं? अनइन्स्टॉलर ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीने चालतो, म्हणजे त्यालाही फक्त रजिस्टर दिसतं. त्याने प्रोग्राम फाइल्समधलं सगळं नीट झाडून नेलं. वही जागच्या जागी राहिली. मी दोनदा टाकलेल्या ताज्या कोऱ्या सॉफ्टवेअरवर काकांची जुनी 'ट्रायल' दोन्ही वेळा येऊन बसली. मागे उरलेल्या एका फाइलीने नोंदणी बिघडवली होती, ती अशी.

इलाज दोन मिनिटांचा. सॉफ्टवेअर बंद केलं. सी ड्राइव्ह, त्यात 'यूजर्स', त्यात काकांच्या नावाचा फोल्डर, मग 'ॲपडेटा', 'लोकल', 'व्हर्च्युअलस्टोअर', तिथली प्रोग्राम फाइल्सची प्रतिकृती, आणि तिच्या आत पत्रिकेच्या सॉफ्टवेअरचा फोल्डर. तो मी डिलीट केला नाही. आधी उघडून पाहिलं, तर काकांनी ट्रायलच्या दिवसांत मांडलेल्या नातवंडांच्या पत्रिकाही तिथेच होत्या. त्या बाजूला काढल्या, फोल्डरच्या नावापुढे 'जुना' जोडलं आणि काकांना डबल क्लिक करायला सांगितलं. काकांनी चष्मा वर केला, खाली केला. "रजिस्टर्ड म्हणतंय. आणि ग्रहही तेच आहेत."

तुमच्याकडे असंच घडतंय का हे तपासायचं असेल तर टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' पानावर स्तंभांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा, 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' हा स्तंभ घ्या. तुमच्या सॉफ्टवेअरपुढे 'एनेबल्ड' दिसलं तर वहीचा संशय घ्यायला जागा आहे. नवीन, ६४-बिट सॉफ्टवेअरला ही सवलत मिळत नाही, त्यामुळे तिथे हा घोळही होत नाही.

याचाच एक चुलतभाऊ आहे. घरात मुलांसाठी साधं खातं आणि आई-बाबांचं ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं, अशी शहाणी व्यवस्था असते. मुलीच्या खात्यात सॉफ्टवेअर टाकताना परवानगीची खिडकी येते, बाबा आपला पासवर्ड भरतात. त्या क्षणापासून इन्स्टॉलर बाबा म्हणून चालतो, आणि 'करंट यूजर' म्हणजे बाबा. खासगी डायरीतल्या नोंदी बाबांच्या डायरीत पडतात, मुलीला मात्र रोज 'नोंदणी करा'. तिथे मुलीच्या लॉगिनमध्ये साध्या डबल क्लिकने सॉफ्टवेअर उघडून की भरून बघायची.

की बरोबर, तरी 'इनव्हॅलिड'

दुसरा मोठा गट म्हणजे की स्वीकारतच नाही. इथे मी पहिल्यांदा कीबोर्ड बघते. शून्य आणि ओ, एक आणि आय हे जुनेच भांडण. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या कीमध्ये शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते, नाहीतर वर्डने छोट्या संयोगरेषेची लांब रेघ केलेली असते. दिसायला सारखी, संगणकाला वेगळी. आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो आणि काही कीबोर्डांत आकडेच देवनागरी पडतात. नोटपॅडमध्ये चिकटवून, डोळ्यांनी तपासून, मग तिथून उचलावं. काही सॉफ्टवेअरची की नावावरून काढलेली असते. तिथे पावतीवर जसं नाव आहे अगदी तसंच लागतं, मधल्या आद्याक्षरासह.

मग घड्याळ. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असलेल्या दुकानांत हे हमखास. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की वीज तुटताच संगणक तारीख विसरतो आणि सकाळी काही वर्षं मागे उठतो. कंपनीच्या सर्व्हरशी सुरक्षित संपर्क करताना त्याच्या ओळखपत्राची, म्हणजे सर्टिफिकेटची, मुदत तारखेवरून तपासली जाते. तुमची तारीखच चुकीची असेल तर खरं सर्टिफिकेटही खोटं ठरतं आणि ॲक्टिव्हेशन (कंपनीकडून की मान्य करून घेणं) 'सर्व्हर सापडत नाही' म्हणत बसतं. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात. बदलायचा असतो तो सेल.

तुर्भ्याच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मात्र घड्याळ बरोबर, की बरोबर, इंटरनेट झकास. सॉफ्टवेअर नुकतंच अस्सल विकत घेतलेलं, आणि त्याला कंपनीचा सर्व्हर काही केल्या दिसेना. बाकी सगळ्या साइट उघडत होत्या. मी मालकांना विचारलं, "दादा, याआधी हेच सॉफ्टवेअर कुणी 'जुगाड' करून टाकून दिलं होतं का?" दादा कॅलेंडर बघायला लागले. म्हणजे होतं.

विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये खोलवर 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाइल असते. कुठल्या साइटचा पत्ता काय, हे बाहेर विचारण्याआधी संगणक आधी तिच्यात बघतो. चोरीचं सॉफ्टवेअर टाकणारे तिच्यात दोन ओळी घालतात, त्यांचा अर्थ एवढाच की या कंपनीचा सर्व्हर शोधायला कुठे जाऊ नकोस, तो हाच संगणक आहे. त्यामुळे चोरी कंपनीला कळत नाही. पण दोन वर्षांनी तुम्ही पापक्षालन करून अस्सल लायसन्स घेता, तेव्हा त्याच दोन ओळी तुमच्या अस्सल कीचीही वाट अडवतात. चोरीचं सॉफ्टवेअर काढलं तरी त्या ओळी जात नाहीत, त्या कुठल्याच अनइन्स्टॉलरच्या यादीत नसतात. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं, फाइलीची एक प्रत ठेवायची, कंपनीच्या नावाच्या ओळी काढायच्या, सेव्ह करायचं. विंडोज फायरवॉलच्या 'आउटबाउंड रूल्स'मध्येही असाच एखादा अडथळा घालून ठेवलेला असतो, तोही पाहून घ्यायचा. आणि ज्याने जुगाड केला त्याने सोबत आणखी काय टाकलं असेल या शंकेने अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन. दादांच्या संगणकात दोन पाहुणे सापडले.

ॲक्टिव्हेशनची मोजदाद हाही भाग समजून घ्या. पुष्कळ कंपन्या एका कीवर एक किंवा दोनच संगणक चालू देतात आणि संगणक ओळखतात तो डिस्क, मदरबोर्ड, नेटवर्क कार्ड अशा भागांच्या क्रमांकांतून काढलेल्या एका ओळखचिठ्ठीवरून. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, की कंपनीच्या लेखी तुम्ही दुसरा संगणक आणलात. म्हणून फॉरमॅट करण्यापूर्वी, डिस्क बदलण्यापूर्वी, संगणक विकण्यापूर्वी सॉफ्टवेअरच्या आतून 'डीॲक्टिव्हेट' किंवा 'साइन आउट' करायचं. नुसतं अनइन्स्टॉल केल्याने कंपनीच्या खात्यातली जागा मोकळी होईलच असं नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून जुने संगणक बदलण्याची धांदल चालू आहे, आणि या एका विसरलेल्या बटणामुळे लोक कंपन्यांच्या मदत केंद्रांवर फोन धरून ताटकळत बसलेले मी रोज पाहते.

काढायचं तर कसं

आधी डेटाची प्रत, मग की कागदावर, मग डीॲक्टिव्हेट. घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांत सॉफ्टवेअर लपून चालू असेल तर तिथून बंद. मग सेटिंग्जमधल्या यादीतून काढायचं. नंतर 'रीस्टार्ट'. 'शट डाउन' नव्हे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपून उठल्यासारखा परत येतो. वापरात असलेल्या फाइली अनइन्स्टॉलरला लगेच पुसता येत नाहीत, 'पुढच्या वेळी चालू होताना पुसा' अशी चिठ्ठी तो रजिस्ट्रीत ठेवतो. ती चिठ्ठी वाचली जाते रीस्टार्टच्या वेळी. काढून लगेच पुन्हा टाकायला गेल्यावर येणाऱ्या निम्म्या चुका या एका रीस्टार्टने मिटतात.

टाकताना किंवा काढताना चुकीच्या संदेशात १६१८ हा आकडा दिसला तर दुसरं कुठलं तरी इन्स्टॉलेशन मागे चालू आहे, थांबा. १६०५ म्हणजे विंडोज म्हणतंय की हे सॉफ्टवेअर मुळी इथे बसवलेलंच नाही. १६३८ म्हणजे याचीच दुसरी आवृत्ती आधीपासून बसलेली आहे. नोंदी विसकटल्या असतील तर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा 'प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर' फुकट मिळतो. तो त्यांच्याच साइटवरून घ्या. शोधात वर येणाऱ्या चकचकीत जाहिरातीवरून नको.

यानंतर उरलंसुरलं. त्याची मी दोन भागांत विभागणी करते: जिवंत आणि निपचित. निपचित म्हणजे ॲपडेटातला एखादा फोल्डर, रजिस्ट्रीतल्या शंभरेक ओळी. त्या कुणी वाचत नाही, त्यांनी संगणक हळू होत नाही. रजिस्ट्री साफ केली की संगणक पळायला लागतो ही निव्वळ विक्रीची भाषा आहे. त्या ओळी मिळून एका फोटोएवढीही जागा खात नाहीत. फोल्डर मोठा असेल, जीबीच्या घरात, तर जागेसाठी जरूर काढा, आधी नाव बदलून आठवडाभर थांबून.

जिवंत अवशेष मात्र त्रास देतात. सॉफ्टवेअर गेलं तरी पडद्यामागे चालणारी त्याची सर्व्हिस चालू राहते, टास्क शेड्युलरमध्ये 'रोज दहा वाजता अपडेट तपासा' राहतं, राइट क्लिकच्या मेनूत त्याचं नाव राहतं, चालू होताना 'अमुक फाइल सापडली नाही' अशी खिडकी येते. ती खिडकी म्हणजेच दूधवाला. भाडेकरू गेलाय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं 'ऑटोरन्स' हे साधन उत्तम. आपोआप सुरू होणारं सगळं ते एका यादीत दाखवतं, आणि ज्यांची फाइलच जागेवर नाही त्या ओळी पिवळ्या करतं. पुसू नका, समोरची बरोबरची खूण काढा. आठ दिवसांत काही अडलं नाही तर मग पुसा.

अँटिव्हायरस हा जिवंतातला सगळ्यात जिवंत. तो विंडोजच्या तळघरात ड्रायव्हर, म्हणजे गाभ्याशी थेट बोलणारे छोटे प्रोग्राम, बसवतो. जुना अर्धवट काढून नवा टाकला की दोघांची जुंपते आणि संगणक रांगायला लागतो. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या स्वतःचं काढण्याचं खास साधन देतात, तेच वापरायचं.

रजिस्ट्रीत हात घालायचाच असेल तर आधी 'रिस्टोअर पॉइंट', म्हणजे बिघडलं तर मागे परतायची जागा, तयार करा. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये जी शाखा पुसणार तिच्यावर राइट क्लिक करून 'एक्सपोर्ट', आणि मगच डिलीट. कंपनीचं नाव शोधून येईल ते पुसत सुटू नका. एका गृहस्थांनी एक छोटं सॉफ्टवेअर काढल्यावर त्याच्या नावातला चार अक्षरी शब्द जिथे जिथे दिसला तिथे तिथे पुसला. त्यांचा प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचा टोकन तिन्ही बंद पडले, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला.

अवशेष वाटतात पण अवशेष नाहीत, अशाही गोष्टी आहेत. यादीत 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या सालांसह दिसतं. ते नकली नाही, प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरचा आधार आहे. राहू द्या. विंडोज फोल्डरमधला लपवलेला 'इन्स्टॉलर' फोल्डर कधी कधी कित्येक जीबींचा होतो, त्यालाही हात लावू नका. सॉफ्टवेअर दुरुस्त करायला आणि काढायला लागणाऱ्या प्रती त्यात असतात, तो पुसला की पुढे काहीच नीट निघत नाही. आणि यूएसबी लॉकवर (संगणकाला जोडायच्या किल्लीवर) चालणारी डीटीपीची, म्हणजे छपाईची पानं मांडायची, जुनी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी 'सेंटिनेल' नाव दिसलं की व्हायरस समजून उडवू नये. तोच तुमचा लॉक ओळखणारा पहारेकरी असतो.

'एका क्लिकमध्ये सफाई' करणाऱ्या रजिस्ट्री क्लीनरांबद्दल माझं मत कडक आहे: नको. मायक्रोसॉफ्टही त्यांना पाठिंबा देत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध सफाई सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती लाखो संगणकांवर पोचली होती. ज्याला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या द्यायच्या तो माणूस फार तपासून घ्यावा लागतो.

इतकं करूनही अडलं तर कंपनीला लिहायचं. काकांनी मी येण्याआधी पाठवलेल्या मेलमध्ये एकच वाक्य होतं: 'सॉफ्टवेअर चालत नाही, कृपया त्वरित लक्ष घालावे.' उत्तर आलं, काढून पुन्हा टाका. दोष कुणाचा म्हणायचा? मेलमध्ये लिहायचं ते हे: विंडोजची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं की साधं, डबल क्लिकने उघडल्यावर काय दिसतं आणि राइट क्लिकने उघडल्यावर काय, चुकीच्या संदेशाचा फोटो, पावतीचा क्रमांक, आणि कीचे फक्त शेवटचे चार आकडे. पूर्ण की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून "कुणाला येतं का बघा" विचारू नका, ज्याला येतं तो ती वापरून टाकतो.

काकांनी नवा मेल माझ्यासमोरच लिहिला, समस्या सुटल्याचा. कंपनीने कागदावरची सूचना बदलावी म्हणून दोन पानी. त्यातलं पहिलं पान ग्रहमानावर होतं.